सदतीस सरळ काठ

३ फेब्रुवारी २०२५, नेरूळ

माझी प्रजाती बुडवली. आमच्या विषयात हाच शब्द वापरतात, म्हणून मीही तोच लिहितो. एखाद्याने नवी म्हणून जाहीर केलेली प्रजाती मुळात नवी नव्हतीच, आधी कुणी नाव दिलेल्या प्रजातीचाच ती भाग होती, असं दुसऱ्याने दाखवलं की नवं नाव जुन्या नावात बुडतं. मग ते फक्त तळटिपांत उरतं.

मी १९८८ साली कच्छच्या ज्युरासिक खडकांतल्या एका छोट्या अमोनाइटला नाव दिलं. अमोनाइट म्हणजे सोळा कोटी वर्षांपूर्वी समुद्रात राहणारा, गुंडाळलेल्या कवचाचा प्राणी. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी राजवर्धन त्याला ‘गोगलगाय’ म्हणतात. असो. माझे गुरू रावसाहेब सर, त्यांच्या नावावरून मी त्याला ‘रावसाहेबी’ म्हटलं. नियमाप्रमाणे पुढे नाव देणाऱ्याचं आडनाव आणि साल लागलं: रावसाहेबी शेवडे १९८८. छत्तीस वर्षं कॉलेजात शिकवलं, त्यातून जगाच्या दप्तरात माझं म्हणून एवढंच आहे.

आणि ते बुडवलं कुणी? प्राचीने. माझ्या विद्यार्थिनीने! हातोडी कशी धरायची इथपासून जिला मी शिकवलं, ती आता खारघरच्या कॉलेजात विभागप्रमुख आहे. तिच्या निबंधात म्हटलं आहे की रावसाहेबी वेगळी प्रजाती नाहीच. त्याच थरात सापडणारा जो ताटलीएवढा मोठा अमोनाइट, ज्याला एका युरोपियनाने दीडशे वर्षांपूर्वी नाव देऊन ठेवलं, त्याचाच हा नर. थोरली ती मादी, धाकटा तो नर. म्हणजे मी एका नवऱ्याला त्याच्या बायकोपासून सदतीस वर्षं वेगळं राहायला लावलं, असं तिचं म्हणणं.

बायकोला, वैशालीला, मोठ्याने वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मुद्देसूद लिहिलंय.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहा तसाच ठेवला.

४ फेब्रुवारी

सकाळी प्राचीला फोन केला. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं. ‘हॅलो’पर्यंत ते पाळलं.

‘मला न विचारता, न सांगता?’

‘सर, ड्राफ्ट पाठवला होता. ऑगस्टमध्ये. मग सप्टेंबरमध्ये परत.’

‘कुठे?’

‘मेलवर.’

‘मेल! खारघर आणि नेरूळच्या मधे काय समुद्र आहे? यायचं घरी.’

‘सर, आले होते ना गणपतीत. सांगायलाच आले होते. तुम्ही अर्धा तास पार्किंगबद्दल बोललात आणि मग तुमची झोपायची वेळ झाली.’

पार्किंगचं प्रकरण तेव्हा खरोखरच गंभीर होतं. पण ते राहू दे. मी सरळ मुद्द्यावर आलो. तुझा पुरावा काय, विचारलं. तिने सांगितला आणि मी तो निमूटपणे ऐकून घेतला, हे इथे नमूद करतो. एक, दोन्ही अमोनाइटची आतली वेटोळी रुपयाच्या नाण्याएवढी होईपर्यंत हुबेहूब सारखी. दोन, धाकट्यांच्या कवचावरच्या शेवटच्या शिवणी, म्हणजे आतल्या कप्प्यांच्या भिंतींच्या रेषा, दाटीने आलेल्या, म्हणजे ती पिल्लं नाहीत, पूर्ण वाढलेली आहेत. तीन, तिला मिळालेल्या दोन धाकट्यांच्या कवचाच्या तोंडाशी, काठाला, जिभेसारखे पुढे आलेले दोन कान आहेत. जगात इतरत्र असे कानवाले छोटे अमोनाइट नर धरले जातात.

‘माझ्याकडे रावसाहेबीचे सदतीस नमुने आहेत,’ मी म्हटलं. ‘एकालाही कान नाही. सदतीस सरळ काठ! तुझे ते दोन दुसऱ्याच कुठल्या प्रजातीचे असतील.’

‘असू शकतं, सर,’ ती म्हणाली. ‘तुम्ही उत्तर लिहा ना. मला खरंच आवडेल.’

या पोरीला मी उद्धट कधीच म्हणू शकलो नाही, ही माझी मोठी अडचण आहे.

७ फेब्रुवारी

उत्तर लिहायला बसलो. तिच्या सगळ्या मांडणीचा आधार एकच, कान. ते काढून घेतले की उरलेलं आपोआप खाली येतं. वेटोळी सारखी असणं म्हणजे फार तर चुलतभाऊ असणं.

नमुने कसे साफ केले याचा परिच्छेद मी मुद्दाम सविस्तर लिहिला. हल्लीच्या पोरांना घाई असते, आम्ही एकेका दगडाला आठवडा द्यायचो. गोटा फोडायचा. आतल्या अमोनाइटची चांगली बाजू वर ठेवून तो प्लास्टरच्या ताटात पक्का बसवायचा. दुसरी बाजू दगडातच राहते, तिला हात लावायचा नाही. मग छिन्नी, मग दाताच्या डॉक्टरकडची सुई, मग ब्रश. तोंडाशी पुष्कळदा इतर शिंपल्यांच्या कपच्या चिकटलेल्या असतात, त्या उडवून काठ स्वच्छ करायचा. काठ कसा रेघ मारल्यासारखा दिसला पाहिजे. रावसाहेब सर माझे नमुने इतरांना दाखवून म्हणायचे, ‘याला म्हणतात हात.’

माझ्या १९८८च्या निबंधातली चित्रंही कपाटातून काढून पुन्हा पाहिली. ती वैशालीची. ती शाळेत चित्रकला शिकवायची, कामापुरता हात बरा आहे. कच्छच्या पहिल्या फेरीला, १९८६ साली, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, ती बरोबर होती. तंबूत बसून तिने सगळी चित्रं काढली.

तिने चष्मा लावून स्वतःचीच चित्रं बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, ‘सगळ्यांचेच काठ सरळ होते का हो?’

‘चित्रं तूच काढलीस ना?’

‘तुम्ही जसे दिलेत तसे काढले.’

म्हणजे काय? जसे होते तसेच देणार ना मी? बायका कधी कधी उगाच काहीतरी बोलतात. ती भाजी टाकायला उठून गेली.

१४ फेब्रुवारी

संपादकांचं पत्र आलं. उत्तर छापायला तत्त्वतः हरकत नाही म्हणे. पण जुने, साफ केलेले नमुने पुरेसे नाहीत. कधीही न उघडलेला एखादा नमुना घ्या, तो साफ करताना दर टप्प्याला फोटो काढा, आणि मार्चअखेर पाठवा.

म्हणजे माझ्या सदतीस नमुन्यांवर विश्वास नाही! ज्या माणसाने आयुष्यात एका लेबलवर खोटा आकडा लिहिला नाही त्याला सांगतात, फोटो काढा. वैशालीला म्हटलं, हा अपमान आहे. ती म्हणाली, ‘मग नका पाठवू.’ नाही कसं? आता तर पाठवणारच. १९९१च्या फेरीतले चार खोके अजून सीलबंद आहेत.

१८ फेब्रुवारी

खोके करावे गावात आहेत, हरेश तांडेलच्या गाळ्यात. सहा वर्षांपूर्वी राजवर्धन यांनी ‘गॅलरीत दगड ठेवल्याने इमारतीला धोका’ अशी नोटीस काढली तेव्हा सगळं तिथे हलवावं लागलं. त्यांच्या स्वतःच्या गॅलरीत पाण्याची टाकी आहे. तिचं वजन कुणी विचारत नाही.

हरेश कामावर गेला होता. गाळा त्याच्या आईने, गोजराबाईंनी, उघडून दिला. पंचाहत्तरीच्या असाव्यात. ओट्यावर बसून टोपलीतल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, निवडत होत्या. मला त्या मास्तर म्हणतात. प्राध्यापक होतो असं मी एकदा सांगून पाहिलं होतं, उपयोग झाला नाही.

दोन खोक्यांत ओल शिरली आहे. तरी आतले गोटे शाबूत. धाकट्याचे अकरा निघाले. अकरा! मला पोटातून बरं वाटलं. थोरल्यांचेही चारपाच होते.

‘इतके वर्सांनी उगरले. काय हाय त्यान?’ त्यांनी विचारलं.

मी थोडक्यात सांगितलं. समुद्र, सोळा कोटी वर्षं, कवच. त्यांनी एक गोटा हातात घेऊन कानाजवळ हलवून पाहिला.

‘खायाला कसा लागत आसंल?’

मी गोटा परत घेतला. रोज दुपारी इथे ओट्यालगत बसूनच साफ करायचं ठरवलं, घरात धूळ नको म्हणून. त्यांनी पाट दिला.

२२ फेब्रुवारी

चार दिवसांत चार नमुने पूर्ण झाले. चारही काठ सरळ! मोबाइलवर टप्प्याटप्प्याचे फोटो काढले. तीन नमुन्यांच्या तोंडाशी नेहमीसारखी कपची चिकटलेली होती, ती फोटोच्या आधीच उडवून घेतली. नाहीतर संपादकांना वाटायचं, हे काय आहे?

माझे हात अजून शाबूत आहेत, हे कळलं. एकोणसत्तराव्या वर्षी इतका स्वच्छ काठ प्राचीने काढून दाखवावा. तिला आजच कळवावं असं फार वाटलं, पण अकराही होऊ देत. एकदम कळवीन. रावसाहेब सर असते तर हे फोटो त्यांनी पाकिटात घालून फिरवले असते.

घरी आल्यावर वैशालीला फोटो दाखवले. तिने एक मोठा करून काठाजवळ नेला. ‘इथे दगडाचा रंग वेगळा आहे,’ ती म्हणाली. ‘ताजा.’

‘छिन्नी लागली की ताजाच दिसणार.’

‘हं,’ म्हणाली. तिच्या ‘हं’चा मला फार राग येतो.

२५ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहून काढतो.

दोन दिवसांच्या खंडानंतर गाळ्यावर पोचलो तर गोट्यांपैकी एक कमी. अकरातले चार झाले, सात उरायला हवे होते, तर सहाच. मी गोजराबाईंना हाक मारली. त्या मागच्या दारातून बादली घेऊन आल्या.

‘यो घेतला मी. तुमी ठोकून ठोकून दमता. मना बगवना.’

‘बादलीत?’

‘पान्यान ठेवला तीन दीस. तिसऱ्यांच्या शिंपल्या ठेवतो तसा, वालू सोराला. माती आपआप सुटली. मंग काथ्यानं घासला.’

मी ओरडलो. पंचाहत्तर वर्षांच्या बाईवर ओरडलो, हे लपवत नाही. न विचारता, एका वैज्ञानिक नमुन्याला, काथ्याने! शेवटी बादलीत हात घालून तो काढला.

ओलीने गोट्याची माती आधीच मऊ झाली असणार. अमोनाइट दोन्ही बाजूंनी पूर्ण मोकळा झाला होता. मी आजवर हाताळलेल्या रावसाहेबींपैकी हा पहिलाच असा, ज्याच्या दोन्ही बाजू एकदम दिसत होत्या. त्याच्या तोंडाशी एक कपची होती. मी सवयीने खिशातून सुई काढली.

‘आरं मास्तर, कान कशाला तोरता त्याचा?’

‘हा कान नाही, दुसऱ्या शिंपल्याचा तुकडा आहे. चिकटतो कधी कधी.’

‘दोनी बाजूला?’

त्यांनी माझ्या हातातला दगड उलटा केला. पलीकडेही तसाच होता. तेवढाच लांब, तेवढाच वाकडा.

‘दोन कान हायत त्याला. यो नर हाय. ती ताटलीसारकी मोठी हाय ना खोक्यान, ती याची मादी. आंडी ठेवाला जागा नको तिला?’

मी म्हटलं, बाई, हे अमोनाइट आहेत, चिंबोऱ्या नव्हेत.

‘मंग काय झाला? समिंदरानच ऱ्हात व्हते ना?’

मी पाटावर बसलो. मग घरी आलो.

२६ फेब्रुवारी

ऊन फार. गेलो नाही.

२८ फेब्रुवारी

आज गाळ्यात केरसुणीने धूळ गोळा केली आणि ती चाळली. गेल्या आठवड्यात उडवलेल्या तीन कपच्यांपैकी दोन मिळाल्या. भिंगाखाली धरल्या.

कवच वाढतं तेव्हा त्यावर बारीक वाढरेषा उमटतात. दुसऱ्या शिंपल्याचा तुकडा असेल तर त्याच्या रेषा वेगळ्या दिशेला जायला हव्यात. कपचीवरच्या रेषा काठावरच्या रेषांना जाऊन मिळत होत्या. एकही चुकली नाही. दुसरी कपची दुसऱ्या नमुन्यावर बसवली. तीही बसली.

चांगली बाजू वर, दुसरी कायम दगडात. म्हणून मला प्रत्येक वेळी एकच कपची दिसली, जोडी कधी दिसलीच नाही. आणि एकच दिसत होती म्हणून ती परकी वाटली. हे इतकं सोपं आहे की मी पहिल्या वर्षाच्या पोरालाही यावर नापास केलं असतं.

पुढचं लिहायला नको वाटतं, पण लिहितो. हरेश कामावर गेला होता, गोजराबाई आत पडल्या होत्या. चार सरळ काठांचे फोटो मोबाइलमध्ये आहेत. न उघडलेले सहा गोटे समोर होते. सहाही नेहमीसारखे साफ केले तर दहा काठ सरळ, सगळे फोटोसकट. अकरावा तो बादलीतला, तो खिशात मावतो. संपादक समाधानी, प्राचीचं तोंड बंद, रावसाहेबी शेवडे १९८८ जागच्या जागी. मी एक गोटा ताटात बसवला. छिन्नी लावली.

हात थरथरत होता. हात थरथरत असताना छिन्नी चालवायची नाही, हे मी पोरांना पहिल्याच तासाला सांगायचो. म्हणून थांबलो. त्याहून मोठं कारण लिहिलं तर ते खोटं होईल. सहाही गोटे, साफ केलेले चार नमुने, तो बादलीतला आणि कपच्या पिशवीत घालून रिक्षाने घरी आणल्या.

१ मार्च

वैशालीपुढे तो दोन कानांचा अमोनाइट ठेवला. तिने उचलला, उजेडाला धरला, उलटा केला.

‘मिळाला एकदाचा,’ ती म्हणाली.

‘एकदाचा म्हणजे?’

‘असाच होता तो. पहिला. टेकडीवर मला सापडला होता तो. त्याचा एक कान दगडातून बाहेर आलेला होता. मी म्हटलं, काढू नका हो, हा त्याचाच वाटतोय.’

मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण तो नमुना तिलाच सापडला होता, हे आठवतं. छापताना ‘संग्राहक: लेखक’ असं लिहिलं होतं. त्या वेळी तशीच पद्धत होती.

‘मग इतकी वर्षं गप्प का बसलीस?’ मी विचारलं. आवाज चढलाच होता. ‘माझ्या समोर बसून, माझ्या प्रत्येक निबंधाची चित्रं काढत, गप्प?’

‘गप्प नव्हते. दोनदा बोलले. तुम्ही म्हणालात, तू चित्र काढ. मी काढलं, कानासकट. तुम्ही माझ्या हातात खोडरबर दिलंत.’

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता आलं असतं. मला इतका संताप आला की मी चप्पल घालून खाली गेलो आणि स्टेशनपर्यंत चालत जाऊन परत आलो. कुणाचा संताप, ते स्टेशनपर्यंत कळलं नाही. परत येताना कळलं.

सदतीस आणि चार. एक्केचाळीस नमुन्यांत किती कान असतील? काही आधीच तुटलेले असणार. पण धरून चालू, निम्म्यांना होते. ते मी बोटांनी झटकले. ब्रशने पुसले.

५ मार्च

प्राचीला घरी बोलावलं. या वेळी पार्किंगचं नाव काढलं नाही. सगळं तिच्यापुढे मांडलं: दोन कानांचा अमोनाइट, कपच्या, त्या बसतात ते नमुने. तिने भिंग लावलं आणि खूप वेळ मान वर केली नाही. मान वर केली तेव्हा डोळे ओले होते. मला हे असलं आवडत नाही.

‘सर, हा जगातला सगळ्यात चांगला नमुना आहे याचा,’ ती म्हणाली. ‘माझे दोन काहीच नाहीत.’

वैशालीने पोहे आणले. मग प्राचीने जे केलं त्याने माझा खरा भडका उडाला.

‘आपण दोघं मिळून दुरुस्ती लिहू,’ ती म्हणाली. ‘जुन्या नमुन्यांबद्दल फार खोलात नको जायला. ‘शेवडे यांच्या नमुन्यांत कान जतन झालेले नाहीत’ एवढं पुरे. सगळेच असं लिहितात. कुणाला काही वाटणार नाही.’

‘जतन झालेले नाहीत?’

‘म्हणजे, सर, तसं म्हणायची पद्धत...’

‘जतन झाले होते!’ मी ओरडलो. पोह्याची बशी टेबलावरून सरकली. ‘समुद्र गेला, त्याचा खडक झाला, तो खडक वर आला, टेकडी झाली, सोळा कोटी वर्षं ते कान जतन झाले होते! मी तोडले! निसर्गावर कशाला ढकलतेस? निसर्गाने आपलं काम चोख केलं होतं.’

प्राची घाबरली. वैशाली नाही. तिने बशी जागेवर ठेवली.

‘असंच लिहा मग,’ ती म्हणाली.

मला दया दाखवतात! माझ्याच घरात, माझेच पोहे खात! प्राची गेल्यावरही तासभर मी धुमसत होतो. मग बसून पहिलं वाक्य लिहिलं: ‘सदर लेखकाने १९८६ ते २०२५ या काळात साफ केलेल्या एक्केचाळीस नमुन्यांचे काठ सरळ आहेत, कारण ते लेखकाने सरळ केले.’ हे वाक्य मला आवडलं. इतका स्वच्छ काठ मी बऱ्याच दिवसांत काढला नव्हता.

१९ मार्च

करावे गावात गेलो. गोजराबाईंची माफी मागितली. त्यांना वाटलं गाळा सोडतोय, म्हणून त्या गडबडल्या. शेवटी दुरुस्तीतलं त्यांच्याबद्दलचं वाक्य वाचून दाखवलं: ‘नमुना पाण्यात भिजवून मोकळा करण्याची रीत आणि दोन्ही कान एकाच प्राण्याचे असल्याचं निदान श्रीमती गोजरा तांडेल यांचं.’

‘यान माजा नाव कशाला?’ त्यांनी विचारलं. मग पदराला हात पुसून: ‘हरेसला वाचून दाकवा सांज्याला. मना परत आयकाचा.’

राहिलेले सहा गोटे त्यांच्याच बादलीत घातले आहेत.

२७ मार्च

आज दुरुस्ती पूर्ण झाली. रावसाहेबी शेवडे १९८८ अधिकृतपणे बुडाली, आणि बुडवणाऱ्यांच्या नावांत माझंही नाव आहे. रावसाहेब सरांना काय वाटलं असतं, हा विचार मी दोन दिवस केला आणि मग सोडून दिला. ते असते तर मला आणखी एक कपची उडवून दाखव म्हणाले असते.

दोन कानांच्या नमुन्याचं नवं चित्र वैशालीने काढलं. चार दिवस खिडकीशी बसून. आता तिचाही हात जरा कापतो, पण रेघ कापत नाही. चित्राखाली मी टाइप केलं: ‘काठावरील कानांचं प्रथम निरीक्षण: वैशाली शेवडे, १९८६.’

तिने वाचलं आणि म्हणाली, ‘हे नको. काढून टाका.’

‘का नको? तूच पाहिलेस ना?’

‘पाहिले मी, पण खोडलेही मीच. खोडणाऱ्याचं नाव कशाला?’

आता हे काय! ज्याने तोडले त्याचं नाव मोठ्या अक्षरांत वर आहे. जिच्याकडून खोडून घेतले तिचं नको? असा न्याय कुठे असतो? मी हे सगळं तिला सांगितलं, इतक्या मोठ्याने की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. ती ऐकत राहिली. मग लॅपटॉप तिच्यापुढे तसाच उघडा ठेवून मी दूध आणायला खाली गेलो.

परत आलो तेव्हा ती ओट्यापाशी होती. स्क्रीनवर ओळ तशीच होती. काढलेली नव्हती. फक्त त्यातला ‘शेवडे’ जाऊन तिथे तिचं माहेरचं आडनाव आलं होतं: वैशाली पोंक्षे, १९८६.

‘हे काय?’ मी विचारलं. चाळीस वर्षांत मी तिचं हे नाव लिहिलेलं पाहिलं नव्हतं.

‘शेवडे म्हटलं की लोकांना तुम्हीच वाटाल,’ ती म्हणाली.

मी उभ्या उभ्या ते तीनदा वाचलं. मग तसंच पाठवून दिलं.